आल्टो आला नाही तर? चार आवाजांचं गाणं आणि एक ल्यूट

गाणं चौघांचं आहे आणि आले तिघंच. एकाचा घसा बसलाय. आपल्या मैफलीत तबलजी आला नाही तर पंचाईत होते, पण बंदिश बंदिशच राहते. सोळाव्या शतकातल्या युरोपात मामला वेगळा होता. तिथे चार माणसं एकाच वेळी चार वेगळ्या चाली गात आणि त्या चार चाली मिळून एक गाणं होई. वरचा आवाज सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग टेनर आणि तळाला बास. कोरसमध्ये सगळे एकच चाल गातात, तसं हे नव्हे. इथे प्रत्येकाची ओळ स्वतंत्र असते. एक जण कमी, तर गाण्यातली एक सबंध ओळच गायब.

१५९७ साली लंडनमध्ये जॉन डाउलंड या संगीतकाराच्या गीतांचं पहिलं पुस्तक छापलं गेलं. त्यात या अडचणीची सोय करून ठेवलेली आहे. पुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं. डाव्या पानावर वरच्या आवाजाची चाल आणि तिच्याखाली ल्यूट या तंतुवाद्याची लिपी. उजव्या पानावर बाकीचे तीन आवाज, तेही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेले. म्हणजे एकाच पुस्तकाभोवती मंडळी बसली की ज्याची ओळ त्याच्यासमोर सरळ येते. पुस्तकाच्या शीर्षकातच सांगून टाकलंय की सगळे आवाज मिळून गा, नाहीतर एकेकटा आवाज ल्यूटवर गा. तिघं आले तर तिघं गातील, एकटीच आली तर एकटी गाईल. बाकीच्यांची जबाबदारी ल्यूटवर. पुस्तक इतकं खपलं की १६१३ पर्यंत त्याच्या चार नव्या आवृत्त्या निघाल्या.

आता 'साथ' या शब्दाबद्दल. आपल्याकडे हार्मोनियमवाला गायकाच्या मागोमाग जातो. गायकाने जागा घेतली की तीच जागा अर्ध्या पावलावरून पुन्हा दाखवतो. तंबोरा पाया धरून बसतो. ही साथ एकाच चालीभोवतीची. ल्यूटची साथ ऐकताना हा अर्थ जरा बाजूला ठेवायला हवा. ल्यूटवाला गायकाच्या मागून येत नाही. जी माणसं आली नाहीत, त्यांच्या खुर्च्यांवर तो एकटा बसतो. तीन खुर्च्या रिकाम्या असतील तर तीनही खुर्च्यांवर. आणि हात दोनच.

ल्यूट म्हणजे अरबांचं ऊद. स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने ते युरोपात गेलं आणि 'अल-ऊद'चंच तिकडे ल्यूट झालं. पातळ लाकडी पट्ट्या वाकवून जोडलेलं, नाशपातीच्या फोडीसारखं पोट, आखूड मान आणि काटकोनात मागे मुडपलेलं खुंट्यांचं डोकं. तारा धातूच्या नसत, आतड्याच्या असत, म्हणजे आपल्या सारंगीला असते तशी तात. सगळ्यांत वरची तार एकेरी, बाकीच्या पाच जोड्या. पडदेसुद्धा तातेचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले, म्हणून सरकवता येणारे.

मध्ययुगात हे वाद्य पिसाच्या दांड्याने छेडत. एका दांड्याने एका वेळी एकच चाल निघते. १५०० च्या सुमारास वादकांनी पीस टाकलं आणि बोटं वापरायला सुरुवात केली. १४८० च्या दशकात तिंक्तोरिस नावाच्या संगीतशास्त्रज्ञाने कौतुकाने नोंदवून ठेवलंय की काही वादक ल्यूटवर दोनच नव्हे, तीन-चार आवाजसुद्धा एकत्र वाजवतात. ल्यूटच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोठी घडामोड, असं माझं मत. अंगठा बास धरतो, बाकी बोटं वरचे आवाज धरतात, आणि एका माणसाच्या मांडीवर चार जणांची मैफल बसते.

जोडीला एकच तार धरून सहाही तारांचे सूर सरगमीत सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सगळ्यांत खालच्या तारेला मंद्र सा धरा. मग क्रमाने मंद्र म, मंद्र कोमल नि, मध्य रे, मध्य प आणि शेवटी दोन सप्तकं वरचा सा. नीट मोजूया. सा ते म, म ते कोमल नि, नि ते रे, रे ते प, प ते सा. खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत बरोबर दोन सप्तकं होतात, आणि मधे कुठेच हाताला फार लांब जावं लागत नाही. गिटार वाजवणाऱ्यांना आणखी सोपी युक्ती: गिटारची तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवा, तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा, ल्यूटची जुळवणी तयार. जुन्या लिप्या अनेक गिटारवाले अशाच वाजवतात.

खरी अडचण इथून सुरू होते. एका तारेवर एका वेळी एकच सूर निघतो. समजा टेनरला कोमल नि गायचा आहे आणि त्याच क्षणी आल्टो त्याच्या लगेच वरच्या सा वर थांबलाय. ल्यूटवर हे दोन्ही सूर एकाच तारेवर आहेत: कोमल नि मोकळ्या तारेवर आणि सा तिच्याच दुसऱ्या पडद्यावर. मग कोमल नि खालच्या, 'म'च्या तारेवर पाचव्या पडद्याला शोधायचा आणि हात ताणायचा. त्याच वेळी बाससाठी एक बोट भलतीकडेच अडकलेलं असेल तर संपलं. कुणाला तरी सोडावं लागतं. आणि टेनर-आल्टो दोघंही एकाच सुरावर आले तर? गाताना दोन गळे ऐकू येतात, ल्यूटवर बहुतेकदा एकच सूर वाजतो.

म्हणून या कलेतला अवघड प्रश्न 'काय वाजवायचं' हा नाहीच. काय सोडायचं, हा आहे.

या प्रश्नाचं पहिलं छापील उत्तर व्हेनिसमध्ये सापडतं. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ मध्ये ल्यूटच्या लिपीचं पहिलं पुस्तक छापलं. त्यानंतर १५०९ आणि १५११ मध्ये त्याने फ्रान्सिस्कस बोसिनेन्सिस या वादकाची दोन पुस्तकं काढली. नावावरून हा मूळचा बोस्नियाचा दिसतो. गाणी त्या काळी इटलीत गाजत असलेली, फ्रॉत्तोला नावाच्या प्रकाराची, चार आवाजांची. बोसिनेन्सिसने काय केलं? सोप्रानो गायकासाठी नेहमीच्या लिपीत ठेवला, टेनर आणि बास ल्यूटला दिले आणि आल्टो सरळ वगळला.

हे आळसापोटी केलेलं नाही. या गाण्यांचा सांगाडा सोप्रानो आणि टेनरच्या जोडीवर उभा असतो, बास त्याला जमीन देतो. आल्टो बहुधा उरलेल्या फटी भरतो. त्याची ओळ उड्या मारते, टेनरला ओलांडून खाली-वर जाते, आणि गाणाऱ्यालाही ती फारशी प्रिय नसते. ती काढली तर गाणं जरा सडपातळ होतं, पण मोडत नाही. टेनर काढून बघा, काही शेवटच्या ओळींना टेकायलाच जागा मिळत नाही.

त्याच पुस्तकांतल्या दोन बारीक गोष्टी मला फार आवडतात. प्रत्येक गाण्याशी एक सूचना आहे: गायकाचा पहिला सूर ल्यूटच्या अमुक तारेवर, अमुक पडद्यावर मिळेल. तो छेडून दाखवा, गायक तिथून उचलेल. आणि पुस्तकाच्या शेवटी छोटे छोटे रिचेर्कार आहेत, म्हणजे गाण्याआधी वाजवायच्या आलापासारख्या मोकळ्या रचना. कोणत्या गाण्याआधी कोणता वाजवायचा, ते अक्षरांच्या खुणांनी जुळवून दिलंय. सूर कानात भरवायचा आणि मगच गाणं सुरू करायचं, हे त्यांनाही कळत होतं.

पुढच्या पिढीला सोडणं कमी आवडू लागलं. १५३६ मध्ये व्हेनिसमध्येच व्हेर्दलो या संगीतकाराच्या मॅड्रिगल प्रकारातल्या गाण्यांचं पुस्तक आलं, ल्यूटसाठी उतरवलेलं. उतरवणारा आद्रियान विलार्ट, सेंट मार्क चर्चचा संगीतप्रमुख. इथे वरचा आवाज गायचा आणि खालचे तिन्ही ल्यूटवर, आल्टोसकट. बोटांना त्रास होतो. पण मॅड्रिगलमध्ये चारही आवाज एकमेकांचे शब्द उचलतात, एकाने सुरू केलेली ओळ दुसरा दोन ठोक्यांनी पकडतो. तिथे आल्टो काढला तर संभाषणातला एक माणूस गप्प होतो आणि बाकीचे हवेत उत्तरं देत बसतात.

आता हे उतरवायचं कसं? चारही आवाज एका पानावर दाखवणारी लिपी त्या काळी गायकांच्या हाती नसे. प्रत्येकाची वही वेगळी: सोप्रानोची एक, आल्टोची एक. ल्यूटवाल्याला चार वह्या समोर पसरून एकेक आवाज आपल्या लिपीत बसवत जावं लागे. लिपी म्हणजे सहा रेघा, सहा तारांच्या. फ्रेंच पद्धतीत रेघेवर अक्षर येतं: पहिलं अक्षर म्हणजे मोकळी तार, दुसरं म्हणजे पहिला पडदा. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत वरची रेघ सगळ्यांत खर्जातल्या तारेची. वर तालाच्या खुणा. आजची गिटारची टॅब हिचीच नात. पॅरिसचा मुद्रक आणि वादक आद्रियाँ ल रुआ याने हे काम शिकवणारं पुस्तकच लिहिलं आणि उदाहरणांसाठी लास्सो या संगीतकाराची गाणी घेतली. त्याचं इंग्रजी भाषांतर १५७४ मध्ये लंडनला निघालं.

या लिपीचा एक फायदा त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नसावा. गायकांच्या वह्यांत कोणता सूर तीव्र करायचा, कोणता कोमल, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसे. शिकलेल्या गायकाला ते सांगावं लागत नसे; लिहून ठेवणं म्हणजे त्याच्या तालमीवर शंका घेणं. चारशे वर्षांनी आपल्याला मात्र कोडं पडतं. ल्यूटची लिपी सुराचं नाव सांगतच नाही. ती सांगते, बोट कुठे ठेव. पडदा ठरला की सूर ठरला. त्यामुळे एखाद्या शेवटाच्या ओळीत नि शुद्ध होता की कोमल, याचा पुरावा म्हणून संशोधक ल्यूटच्या वह्या उघडतात. अर्थात एकाच गाण्याच्या दोन वह्या भांडतातसुद्धा. दोन गुरूंचे दोन शिष्य भांडतील तसंच.

ल्यूटची दुसरी मर्यादा श्वासाची. गळा सूर धरून ठेवतो. तातेचा सूर उमटतो आणि विरतो. बास चार मात्रांचा लांब सूर गातोय आणि ल्यूटचा तोच सूर दुसऱ्या मात्रेलाच संपलाय, असं सतत होतं. उपाय तीन. एक, सूर पुन्हा छेडणे. दुसरा, लांब सुराचे तुकडे करून मधल्या जागा छोट्या सुरांनी भरणे. तिसरा, काहीच न करणे. चांगल्या कानाला विरलेला सूरही काही क्षण ऐकू येत राहतो, विशेषतः कुणीतरी तोच सूर गात असेल तर. नवशिका वादक दुसऱ्या उपायाच्या प्रेमात पडतो. तुकडे करायला मजा येते, बोटं दिसतात. गाणं मात्र त्या पसाऱ्याखाली दबतं.

हे नवं निरीक्षण नाही. १६०७ मध्ये सिएनात अगोस्तिनो अगात्सारीने साथीच्या वाद्यांवर एक छोटी पुस्तिका छापली. वाद्यं दोन कामं करतात, तो म्हणतो: काही पाया धरतात, काही नक्षी काढतात. ल्यूटला दोन्ही जमतं. पण ज्यांचा हात तयार आहे आणि जे आरंभापासून शेवटपर्यंत नुसत्या ताना मारतात, त्यांच्यावर तो चिडलाय. तीन-चार वाद्यं एकदम तेच करू लागली की काय होतं यासाठी त्याने 'झुप्पा' हा शब्द वापरलाय, म्हणजे सूप. आपण खिचडी म्हणतो.

सुरांच्या जुळणीचाही एक तिढा आहे, आणि तो आपल्या वाचकांना पटकन कळेल. तंबोरा छान लागला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. चार गळे एकत्र गाताना आपोआप त्याच गंधाराकडे सरकतात. ल्यूटला ती मुभा नाही. एक पडदा सहाही तारांवरून आडवा जातो. एका तारेसाठी सरकवला तर बाकी पाचांवरही सरकतो. व्हिन्चेन्झो गॅलिलीने पडद्यांसाठी १८:१७ हे प्रमाण सुचवलं. प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडत जायचा. सोपं आणि उपयोगी. पण या हिशेबाने चार पडद्यांनंतर येणारा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा निघतो. मग गायक आणि ल्यूट एकाच गंधारावर थांबले की हवेत बारीक कंप जाणवतो. यावर पडदे हलवण्यापेक्षा मला सोपा वाटणारा उपाय म्हणजे, जिथे गायक गंधारावर थांबतोय तिथे ल्यूटने गंधार छेडूच नये. सा आणि प द्यावेत. गंधार गळ्यावर सोडावा. पुन्हा सोडण्याचीच गोष्ट.

हा व्हिन्चेन्झो गॅलिली म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील. स्वतः नावाजलेला ल्यूटवादक. गॅलिलिओही ल्यूट वाजवायचा, आणि धाकटा भाऊ मिकेलान्योलो तर म्युनिकच्या दरबारात ल्यूटवादक म्हणून नोकरीला होता. व्हिन्चेन्झोने १५६८ मध्ये 'फ्रोनिमो' नावाचं पुस्तक लिहिलं, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. अनेक आवाजांचं गाणं ल्यूटवर नेमकं कसं उतरवायचं, त्याचं हे सविस्तर पाठ्यपुस्तक. आवाजांशी इमान राखा, हा त्याचा आग्रह. मग १५८१ मध्ये त्याच माणसाने दुसरं पुस्तक लिहून अनेक आवाजांच्या गाण्यावरच हल्ला चढवला. चार माणसं एकाच वेळी वेगवेगळे शब्द वेगवेगळ्या चालींत म्हणतात, मग कवितेचा अर्थ पोचणार कुणाला? प्राचीन ग्रीकांसारखं एका गळ्याने गावं आणि ऐकणाऱ्याला हलवून सोडावं. इथवर ठीक. पण १५८४ मध्ये त्याने 'फ्रोनिमो'ची सुधारित, वाढवलेली आवृत्ती काढली! मला यात ढोंग दिसत नाही. आयुष्यभर ल्यूटवर एकट्याने चार आवाज सांभाळणाऱ्याला दोन्ही बाजू दिसल्या असणार: आवाजांची वीण किती देखणी आहे, आणि गाणारा एकच असेल तर ती वीण ल्यूटकडे देऊन शब्द किती मोकळे होतात.

आणि झालंही तसंच. १६०० मध्ये फ्लोरेन्समध्ये याकोपो पेरीचा 'युरिदिचे' हा ऑपेरा झाला. निमित्त होतं मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा आंरी यांच्या लग्नाचं. पेरीने छापील आवृत्तीत साथीदारांची नावं आवर्जून दिली आहेत. त्यांत एक मोठा ल्यूट आहे आणि एक कितारोने, म्हणजे लांब मानेचा, खर्जाच्या जादा तारा लावलेला ल्यूट. आता वादकापुढे चार वह्या नाहीत. फक्त बासची ओळ आहे, क्वचित वर एखादा आकडा. मधले आवाज त्याने जागेवर रचायचे. टेनर-आल्टोच्या ठरलेल्या ओळी गेल्या, त्यांच्या खुर्च्या कायमच्या उचलल्या गेल्या. पण शंभर वर्षं त्या खुर्च्यांवर बसून या वादकांना एक गोष्ट हाडात भिनली होती: कोणत्या सुरावरून कोणत्या सुरावर जाणं गळ्यासारखं वाटतं.

फेरारात मात्र जुनं आणि नवं एकाच खोलीत नांदत होतं. दुसऱ्या आल्फोन्सो देस्तेच्या दरबारात १५८० च्या दशकात गायिकांचा एक संच होता, त्या काळी सगळ्या इटलीत नावाजलेला. लाउरा पेवेरारा हार्प वाजवी, लिव्हिया दार्को व्हायोल आणि आन्ना ग्वारिनी ल्यूट. गाता गाता स्वतःचीच साथ. इथे 'साथीदार मागे, गायक पुढे' असा प्रश्नच येत नाही. श्वास कधी घ्यायचा हे ज्या गळ्याला ठाऊक, तोच हात तार छेडतो.

आज एखादा लहान कॉयर, म्हणजे गायकवृंद, ल्यूट घेऊन बसतो तेव्हा सगळ्यात आधी आवाजाच्या मापाचा विचार करावा लागतो. ल्यूट हळू आवाजाचं वाद्य. वीस जणांच्या कॉयरमागे तो दिसतो, ऐकू येत नाही. प्रत्येक आवाजाला एकेक माणूस, खोली लहान, ऐकणारे जवळ, हे त्याचं घर. तिथे त्याचा उपयोग सुरापेक्षा आधी लयीला होतो. गळ्याचा सूर हळूच सुरू होतो, तारेचा सूर ठाक् करून. दिग्दर्शक नसलेल्या चौघांना तो ठोका घट्ट धरून ठेवतो. दुसरा उपयोग खालच्या सुराचा: बास सैल पडला तर अंगठ्याने त्याला आधार. वरच्या आवाजाची नक्कल करण्यात मात्र काही हशील नाही. सोप्रानो स्वतःची चाल स्वतः गाते, तिच्यावर ल्यूटची नक्षी चढवली की दोघांचंही नुकसान.

राहिला आल्टो. तालीम सुरू होऊन अर्धा तास झाला, घसा शेकून आल्टो शेवटी आलाच, तर ल्यूटवाल्याने त्याची ओळ लगेच टाकून द्यावी. उजव्या हाताचं एक बोट मोकळं होतं. त्या बोटाने टेनरचा विरत चाललेला सूर पुन्हा एकदा छेडावा.